कान शाबूत आहेत तोवर

मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात आमच्या नांदूरघाटात कोणी पिशवी घेऊन रस्त्यावर उभा राहिला, तर 'कुणीकडे?' असे त्यास कोणी फारसे विचारीत नाही. उत्तर ठाऊकच असते. केज तालुक्यातील काय किंवा एकंदर बीड जिल्ह्यातील काय, बालाघाटाच्या माथ्यावरची पुष्कळ गावे दसरा-दिवाळी उलटताच निम्मीशिम्मी रिकामी होतात. घरास कुलूप, ओसरीवर एखादी म्हातारी, आणि बाकीचे सारे बिऱ्हाड ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून उसाच्या मुलखाकडे गेलेले. मुकादमाकडून उचल आधीच घेऊन झालेली असते. नवरा-बायकोच्या जोडीस ह्या व्यवहारात 'एक कोयता' म्हणतात, आणि एकट्या माणसास 'अर्धा कोयता'. विवाहसंस्थेची इतकी रोकडी व्याख्या, आम्ही जे इंग्रजी वाङ्मय तीस वर्षे शिकवीत आलो त्यात, आमच्या तरी पाहण्यात आलेली नाही.

गेल्या मार्गशीर्षात आम्हीही सपत्नीक पश्चिमेकडेच निघालो होतो. परंतु कोयता घेऊन नव्हे. पुण्यास सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो, त्यातील शनिवार-रविवारचे गाणे ऐकून सोमवारी पहिल्या तासास कॉलेजात हजर व्हावयाचे, असा बेत होता. शुक्रवारची एक किरकोळ रजा तेवढी खर्ची पडणार होती. एस्. टी.ची वाट पाहत असता आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोटारसायकल थांबवून विचारले, "कुणीकडं निघालाव, सर?"

"पुण्यास. गाणे ऐकावयास."

"कुणाचं लगीन हाय का तिकडं?"

"लग्न नाही. नुसतेच गाणे."

त्याने क्षणभर आमच्याकडे, मग आमच्या कुटुंबाकडे पाहिले, आणि आजारी माणसाशी बोलावे त्या सौम्य सुरात तो म्हणाला, "तब्येतीला जपा, सर."

त्यास काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी ते शब्द आम्हांस लागले. का लागले ते वाचकांस सांगितले पाहिजे. आणि जे घरी कोणास सांगितले नव्हते ते छापून सांगण्याचे धैर्य मनुष्यास कसे होते, हेही एक नवलच.

सुमारे दोन वर्षांपूर्वीपासून आमच्या वर्गातील मुले पुटपुटू लागली होती. निदान आमचा समज तसा होता. प्रश्नाचे उत्तर देताना ती तोंडातल्या तोंडात बोलतात, शेवटची अक्षरे गिळतात, हल्लीच्या पिढीस स्पष्ट बोलण्याची लाज वाटते, अशी टीका आम्ही शिक्षकांच्या खोलीत वारंवार करीत असू. पुढे घरातील माणसे पुटपुटू लागली. मग दूरदर्शनवरील बातम्या सांगणारे. सारे जग एकाएकी पुटपुटू लागले म्हणजे दोष जगाचा नसावा, इतके तर्कशास्त्र आम्हांस येते. म्हणून एका सुटीत अंबाजोगाईस गेलो असता गुपचूप एका कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी बंद खोलीत बसवून कानास यंत्र लावले, बारीक-मोठे स्वर वाजविले, आणि शेवटी एक आलेख हाती दिला. त्यातील रेघ डावीकडे बरीचशी सपाट चालून मग मांजरसुंब्याच्या घाटासारखी खाली उतरली होती. डाव्या कानाचा उतार जरा अधिक, उजव्याचा कमी.

डॉक्टर समजावून सांगण्यात मोठे हौशी होते. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक पोकळी असते, तिच्यात अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. उंच स्वरांच्या पेशी शंखाच्या दाराशी आणि खालच्या स्वरांच्या आतल्या टोकाशी. दाराशी बसणाऱ्यांस वर्दळ अधिक सोसावी लागते, त्या आधी झिजतात. आणि एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून वय झालेल्या माणसास आवाज येतो, शब्द कळत नाहीत; कारण 'अ', 'ओ' हे स्वर राहतात, आणि 'स', 'फ', 'थ' ही व्यंजने निसटतात. तीस वर्षे आम्ही वर्गात जे बोललो त्यापैकी विद्यार्थ्यांच्या कानी किती गेले हा प्रश्न अलाहिदा. आता परतफेड सुरू झाली होती, इतकेच.

श्रवणयंत्र आठ दिवसांच्या बोलीवर वापरून पाहिले. बोलणे स्वच्छ ऐकू आले, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. परंतु रात्री एकांतात मोबाइलवर तंबोरा लावला, तो घटकाभराने त्याचा आवाज मंद मंद होत चालला. यंत्र मोठे चतुर असते. जो आवाज अखंड एकसारखा चालतो तो पंख्याचा किंवा मोटारीचा गोंगाट समजून ते त्यास दाबून टाकते. तंबोरा आणि पंखा ह्यांत त्याच्या लेखी भेद नाही. गाण्यासाठी म्हणून त्यात निराळी योजना असते, ती लावून पाहिली. तेव्हा तंबोरा राहिला, पण त्याच्या मागून ओल्या बोटाने काच घासल्यासारखा एक तिसराच सूर निघू लागला. यंत्र परत केले, आलेख डॉक्टर जॉन्सनच्या एका जाड चरित्रात ठेवून दिला, कारण ते पुस्तक आमच्या घरी आमच्यावाचून कोणी उघडीत नाही. आणि ठरविले, की आहेत ते कान शाबूत आहेत तोवर एकदा पुण्यास जाऊन समोर बसून तंबोरा ऐकून यावयाचा. आमच्या कुटुंबास मात्र एवढेच सांगितले, की आता वय होत आले, तुम्हांस एकदा मोठे गाणे दाखवू.

एस्. टी.त बसल्यावर कंडक्टर आला. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या बसमध्ये स्त्रियांस निम्मे भाडे पडते. 'अर्धांगी' ह्या शब्दाचा सरकारी अर्थ लागावयास इतकी वर्षे जावी लागली, हा विनोद आम्ही प्रत्येक प्रवासात करतो, आणि प्रत्येक प्रवासात त्यास पूर्वीइतकेच थंडे स्वागत मिळते.

मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, आष्टी, कडा, नगर. पुढे सुपे, शिरूर, रांजणगाव, वाघोली. हा रस्ता आम्हांस पाठ आहे, आणि त्यातील नगर-पुणे हा तुकडा आम्ही नेहमी थोड्या आदराने ओलांडतो; कारण राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी ह्याच तुकड्यावर धावली. (नगरचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, जिभेस वळण लागावयास वेळ लागतो.) त्या जून महिन्यात आमचे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, सप्टेंबराच्या १७ तारखेस ते सुटले. आमच्या आजोबांच्या तरुणपणी पुणे हे एका अर्थी परमुलखातील गाव होते. आता भाच्याच्या घराचा पत्ता सांगावा तसा पुण्याचा पत्ता आम्ही सांगतो. बीडपर्यंत आगगाडी २०२५ साली आली खरी, पण आमची भक्ती लाल बसवरच.

आमच्या पुढच्या बाकावर एक साठीची बाई होती. तिची सून शिरूरकडे उसाच्या फडात बाळंत झाली होती, तिच्यासाठी डिंकाचे लाडू, बाजरीचे पीठ आणि जुनेराची बाळुती घेऊन ती कोपीवर निघाली होती. बाळंतीण पाचव्या दिवशी मोळ्या बांधू लागली तर तिला आवरावयास कोणी हवे, असे तिचे म्हणणे. आमच्या कुटुंबाशी तिच्या गोष्टी चालल्या. आम्ही कशासाठी चाललो हे कळल्यावर तिने मान वळवून आमच्याकडे नीट पाहिले. "गाणं ऐकाया येवढं लांब? घरी टीव्ही न्हाई का, बाई?" ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. एका बसमध्ये, एकाच दिशेने, ती ज्यासाठी चालली होती आणि आम्ही ज्यासाठी चाललो होतो, त्या दोन कारणांकडे पाहून आम्ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. शिरूरच्या अलीकडे ती उतरली. रस्त्याच्या कडेस उसाच्या गाड्यांची रांग होती. तिची पाठ त्या गाड्यांमागे दिसेनाशी झाली.

आता महोत्सवाविषयी. ज्यांच्या नावाने तो भरतो ते सवाई गंधर्व म्हणजे रामचंद्र गणेश कुंदगोळकर, धारवाडजवळच्या कुंदगोळचे. अब्दुल करीम खाँसाहेबांचे ते शिष्य. त्यांचा गळा उपजत गोड नव्हे, वयात येताना तो फुटला, आणि गुरूने तो घासून घासून तयार केला, असे सांगतात. पुढे ते नाटकात शिरले, स्त्रीभूमिका गाजविल्या, आणि ज्या काळी महाराष्ट्रात गंधर्व म्हटला की बालगंधर्वच, त्या काळी 'सवाई' ही पदवी मिळविली. उत्तरायुष्यात पक्षाघाताने त्यांचे गाणे बंद पडले. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते गेले. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी ही त्यांची शिष्यशाखा. गुरूची आठवण म्हणून १९५३ साली पुण्यात हा उत्सव सुरू झाला, आणि भीमसेनांनी तो आयुष्यभर वाहिला. २४ जानेवारी २०११ रोजी ते निवर्तल्यावर त्यांचेही नाव त्यास जोडले गेले. हे भीमसेन अकरा-बारा वर्षांचे असता गुरूच्या शोधार्थ घरातून पळाले, बिनतिकिटाचे आगगाडीत बसले, तिकीट तपासणारास गाणे म्हणून दाखवीत ग्वाल्हेरपर्यंत आणि पुढे जालंदरपर्यंत फिरले. आणि अखेर जो गुरू लाभला तो जन्मगावापासून फारसा दूर नव्हता. आमच्या दोन तिकिटांचा हिशेब त्यापुढे किरकोळ ठरतो.

ह्या उत्सवास आम्ही पूर्वी एकदाच गेलो होतो; त्यास तीस वर्षे होऊन गेली. तेव्हा तो रमणबाग शाळेच्या पटांगणात भरत असे आणि रात्रभर चाले. आम्ही नुकतेच नोकरीस लागलेलो, खिशात बेताचे पैसे, अंगावर वडिलांची घोंगडी. डोळे मिटत, थंडीने पुन्हा उघडत. पुणेकर मंडळी कानटोप्या घालून गाणे ऐकत होती; कान झाकून ऐकण्याची ही कला आम्हांस नवी होती. पहाटेच्या सुमारास भीमसेन येऊन बसले. आमच्या कानांवर तोवरचे संस्कार म्हणजे मारुतीच्या देवळातील भजन, सप्त्यातील पखवाज आणि परभणी केंद्राचा रेडिओ. तंबोरा आम्ही पाहिला होता तो कीर्तनकाराच्या मागे, चिरक्या भोंग्यातून ऐकलेला. त्या पहाटे चार-पाच मिनिटे गायक काहीच गाईनात. नुसते दोन तंबोरे जुळत राहिले. आणि मग एका क्षणी ते जुळले. काय झाले ते शब्दांत सांगता येत नाही, एरवी तो आमचा धंदाच आहे. चार तारा चार राहिल्या नाहीत. तारांत नसलेला एक स्वर वर कोठेतरी तरंगू लागला. गाणे त्यानंतर सुरू झाले आणि तेही थोरच होते. पण आम्ही घरी आणली ती त्या चार-पाच मिनिटांची आठवण.

ह्या स्वराचे शास्त्र पुढे वाचनात आले. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे असे अनेक स्वर निघतात. हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन पंडिताने १८६३ साली ह्या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. आणि तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्यांचा कंप शून्य असतो ते उपस्वर तीतून निघू नयेत, हा नियम त्याच्या नावाशी जोडलेला आहे. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ साली दाखवून दिले, की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळीत नाहीत. कारण त्यांची घोडी रुंद व किंचित गोलसर असते, तार तिच्यावर चाटून जाते, आणि तंबोऱ्यात तारेखाली जो जवारीचा दोरा सरकवितात त्याने तो स्पर्श नेमका जमतो. हे मिरजेच्या कारागिरांस कोणी शिकविले नव्हते. त्यांच्या तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले ते मात्र २०२४ साली. त्या तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या कोरड्या भागात पिकतात. जेथे पाणी नाही तेथे ऊस नाही, आणि जेथे ऊस नाही तेथे निदान नादाचा भोपळा होतो, एवढे समाधान आमच्यासारख्या दुष्काळी मुलखातील माणसाने मानून घेण्यास हरकत नाही. सांगावयाची गोष्ट ही, की तंबोऱ्याचा प्राण ह्या वरच्या उपस्वरांत आहे, आणि डॉक्टरांच्या आलेखातील घाट नेमका त्याच गावाकडे उतरत होता.

पुण्यात हडपसरास आमचा भाचा संगणकाच्या कंपनीत आहे, त्याच्याकडे मुक्काम केला. तो म्हणाला, "मामा, एवढी दगदग कशाला? घरबसल्या सगळं ऐकवतो की." त्याने भिंतीवरच्या पडद्यावर कोणाचे तरी गाणे लावले आणि जेवणाच्या टेबलावर स्वतःचे बोलणे चालू ठेवले. मुलगा गुणी आहे.

शनिवारी दुपारी मुकुंदनगरास महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात पोहोचलो. बऱ्याच वर्षांपूर्वी रमणबाग सुटली, आता उत्सव येथे भरतो. रात्रभराची बैठकही राहिली नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले, त्यांप्रमाणे रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकास बंदी. वर्षातील मोजक्या दिवशी बारापर्यंतची सवलत सरकार देऊ शकते. शनिवारचे गाणे मध्यरात्रीपर्यंत चालते ते ह्या सवलतीने. नियम योग्य आहे, शेजारी रोगी असतात, परीक्षेची मुले असतात, हे सारे आम्हांस मान्य. आमच्या गावात लग्नाच्या वरातीत जो भिंतीएवढा भोंगा फिरतो त्याचा विचार केला तर अशा नियमांची मूर्ती घडवून पूजा करावीशी वाटते. परंतु त्याबरोबर पहाटेचे आणि सकाळचे राग ह्या मांडवातून उठून गेले. ललत आणि तोडी ह्यांना आता वेळ नाही. एका पिढीने दरबारीपासून भैरवीपर्यंतची रात्र चालत ओलांडली. पुढच्या पिढीस ती पुस्तकात वाचावी लागेल.

मांडव केवढा तरी मोठा. पुढे भारतीय बैठक, मागे खुर्च्या. आणि कडेस खाद्यपदार्थांची दुकाने, जेथे गाण्याइतकीच रसिक गर्दी. आमच्या शेजारच्या सद्गृहस्थांनी गाणे सुरू होताच मोबाइल उंच धरला तो समेवर दाद देण्यापुरताही खाली घेतला नाही. त्यांनी ते गाणे अद्याप ऐकले नसावे, घरी जाऊन ऐकणार असावेत. आमचे कुटुंब मात्र मांडी घालून, पदर सावरून, सप्त्यात बसावे तसे बसले. गावच्या बायकांच्या भजनात त्या टाळ धरतात. शास्त्रोक्त गाण्याचा त्यांचा अभ्यास म्हटला तर इतकाच.

संध्याकाळी एक वयस्क गायक आले. मागे दोन तरुण मुली तंबोरे घेऊन बसल्या. आम्ही अंग सरसावले. ज्यासाठी अडीचशे किलोमीटर आलो ती हीच घटका. गायकांनी मान वळवून एकीला खूण केली, तिने खुंटी किंचित पिळली, त्यांनी पुन्हा मान हलविली. बोटे तारांवरून फिरत होती ती दिसत होती. गायकांनी डोळे मिटले, म्हणजे तंबोरे जुळले. मांडवातील मंडळी स्तब्ध झाली.

आम्हांस एक घुमारा ऐकू येत होता. भिंतीपलीकडे जात्याची घरघर चालावी तसा, बोथट, सपाट. आम्ही उजवा कान पुढे केला. डोळे मिटले. तीस वर्षांपूर्वीची ती पहाट आठवून पाहिली, की आठवणीने तरी तो वरचा स्वर खेचून आणता येईल. तो आला नाही. खिडक्या-दारे लावून घेतलेल्या घराबाहेर आपण उभे आहो, आत दिवे लागले आहेत हे कौलांवरून कळते आहे, पण उजेड दिसत नाही, असे काहीसे झाले. गाणे सुरू झाले. पूरिया होता. गळा रुंद, खर्जात भक्कम. तो सारा आम्हांस ऐकू आला, आणि तरी आमचे लक्ष गाण्यात नव्हते.

अखेरीस न राहवून आम्ही कुटुंबाकडे वाकून विचारले, "तंबोरा वाजतो आहे ना?"

त्यांनी चटकन आमच्याकडे पाहिले. मग पुन्हा व्यासपीठाकडे पाहत हळू, पण एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "वाजतो आहे."

"कसा वाजतो आहे?"

हा प्रश्न एखाद्या संगीतज्ञास विचारला असता तर त्याने गंधाराविषयी काही सांगितले असते. त्यांनी थोडा विचार केला. "पितळेच्या घागरीत भुंगा कोंडला आहे," त्या म्हणाल्या, "आणि घागरीच्या तोंडावर ऊन पडलंय."

आम्ही काही बोललो नाही. त्याच पुढे म्हणाल्या, "तुम्हांला ते वरचं येत नाही, होय ना?"

"तुम्हांस कोणी सांगितले?"

"दोन वर्षं मी तुमच्या उजव्या बाजूला बसते, ती काय हौस म्हणून? आणि ते जाड पुस्तक मीच पुसते की. तुम्ही कुठं पुसता?"

जॉन्सनच्या चरित्राची धूळ कोणी तरी झाडीत असले पाहिजे, हा विचार इतक्या वर्षांत आमच्या मनास शिवला नव्हता. विद्वान मनुष्य आपले गुपित ग्रंथात लपवितो आणि ग्रंथालय साफ कोण करतो हे विसरतो. आम्ही ओशाळलो, पण खरे सांगावयाचे तर मानेवरचे एक ओझे उतरल्यासारखेही झाले. त्यानंतर रात्री बारापर्यंत आमचे एक विलक्षण ऐकणे चालले. गायक तार षड्जावर गेले म्हणजे त्या आमच्या मनगटावर बोट टेकीत. सतारवादकाने तरफांच्या तारांवरून नख फिरविले ते आम्हांस नुसते दिसले, त्या कानाशी म्हणाल्या, "बांगड्यांचा ढीग सांडला." बाकी सारे, मींड, लय, तबल्याच्या डग्ग्याचे घुमणे, आम्हांस स्वतःचे होते. एका मालकंसाचा खर्ज तर असा भरून आला, की असा तो पूर्वी कधी ऐकला होता का ह्याची शंका यावी. वरचा मजला गेल्यावर माणूस तळघर नीट पाहू लागतो की काय कोण जाणे.

अशा वेळी आम्हां इंग्रजी शिकलेल्या लोकांस बेथोव्हेन आठवावयाचाच. बॉन येथे जन्मलेला तो महापुरुष तिशीच्या आतच बहिरा होऊ लागला, आणि १८०२ साली हायलिगेनश्टाट येथे भावांस उद्देशून त्याने जे पत्र लिहिले त्यात आपले बहिरेपण लोकांपासून लपविण्याची त्याची धडपड आहे. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात त्याची नववी सिंफनी प्रथम झाली, तेव्हा श्रोत्यांच्या टाळ्या त्यास ऐकू येईनात. कारोलिने उंगर ह्या गायिकेने त्यास बाहीस धरून वळविले तेव्हा हलणारे हात त्यास दिसले, असे नमूद आहे. आमची त्याच्याशी बरोबरी नव्हे. त्याने जे निर्माण केले ते आम्ही नुसते ऐकावयासही मुकत चाललो. परंतु लपविण्याच्या बाबतीत आणि कोणी तरी बाही धरून वळविण्याच्या बाबतीत नात्याचा एक बारीक धागा आहे, असे त्या रात्री हडपसरास परतताना रिक्षात वाटले खरे.

रविवारी दुपारपासून बैठक होती. एका तरुण गायिकेने मुलतानी गाइली. तिच्या गळ्याचे वरचे टोक आमच्या हाती लागले नाही, तरी कोमल ऋषभावर ती जेव्हा थांबली तेव्हा सबंध मांडव श्वास धरून होता, आणि ते थांबणे ऐकावयास कान कितीसा लागतो! मधल्या वेळात थालीपीठ खाल्ले. आमच्या कुटुंबाने दर विचारला आणि येताना मनाशी काही हिशेब केला, तो काय हे आम्ही विचारले नाही, पण त्या एवढेच म्हणाल्या, "त्या बाईची सून जेवली असेल ना?"

शेवटी, रिवाजाप्रमाणे, सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली गेली. ह्या तबकडीची सारी मुदत सुमारे तीन मिनिटांची. मंडळी उठून उभी होती, काही पादत्राणे शोधीत होती, काही डोळे पुशीत होती. तबकडीची खरखर सुरू झाली, तीतून तो बारीक, किंचित नाकातला, आर्जवी आवाज आला. आणि आम्हांस एकाएकी एका गोष्टीचे भान झाले. त्या काळच्या यंत्रांना उंच कंपने टिपताच येत नसत. त्या तबकडीत तंबोऱ्याचे ते ऊन मुळी उतरलेच नव्हते. आमच्या आलेखात जेथे घाट सुरू होतो तेथेच त्या तबकडीचाही घाट. त्या तीन मिनिटांत मांडवातील हजारो माणसे, ती मुलतानी गाणारी मुलगी, तंबोऱ्यावरच्या दोघी, शेजारचे मोबाइलवाले गृहस्थ, ही सारी आमच्याच कानांनी ऐकत होती. आणि कोणास काही उणे वाटत असल्याचे दिसले नाही.

कुटुंबाने ह्या वेळी मनगटावर बोट टेकले नाही. आम्हीच त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटले होते.

रात्रीच्या गाडीस शिवाजीनगराहून बसलो. थंडी कडक होती, काच नीट बसत नव्हती. शिरूरजवळ उसाच्या गाड्या अजून रांगेने उभ्या होत्या; एका गाडीखाली कंदील होता, त्याच्या उजेडात कोणी निजले होते. आम्ही उभयता ती कोपी कोठे असेल ते अंधारात शोधीत राहिलो. नगरला गाडी बरीच थांबली. तेथे चहा घेताना आम्ही सांगून टाकले, की पुढच्या महिन्यात अंबाजोगाईस जाऊन ते यंत्र घ्यावयाचे. वर्गातल्या मुलांचा आता आणखी अपमान नको. "गाण्याच्या वेळी काढून ठेवीन," आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, "ठेवा. मी आहे."

उजाडता उजाडता मांजरसुंब्यास गाडी बदलली. नवा कंडक्टर पुढून तिकिटे फाडीत आला आणि आमच्याकडे पाहून काही तरी म्हणाला. बसच्या खडखडाटात त्याचे ओठ तेवढे हलले. आम्ही उगीच मान डोलावली. तो पुन्हा बोलला, जरा चढ्या सुरात.

"नांदूरघाट," आमच्या उजव्या बाजूने आवाज आला. "एक पुरं, एक अर्धं."